चौथ्या बुकाचं कुंकू

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला अय्याजनं यंत्राच्या कपाटाचं दार उघडलं आणि तो जागच्या जागी थिजला. आत चार बुकं असायला हवी होती. तीनच होती.

बुकं म्हटल्यावर तुम्ही पोथ्यापुराणं समजाल, म्हणून आधीच सांगून टाकतो. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, एका कापसाच्या जिनिंगच्या मागे, पाटी नसलेली एक बैठी इमारत आहे. पुण्याच्या एका विमा कंपनीचं मेनफ्रेम, म्हणजे अखंड चालणारं अवाढव्य संगणक यंत्र, तिथं अकरा वर्षांपासून चालू होतं. माणसाहून उंच, काळंभोर, दोन गोदरेजची कपाटं जोडून ठेवावीत एवढं, आणि वजन दोन टनांच्या वर. त्याच्या पोटात उभे चार लोखंडी खण. प्रत्येक खणात तळहाताएवढी चिनी मातीची एक फरशी, आणि त्या फरशीवर यंत्राचा मेंदू बसवलेला. या खणाला इंजिनिअर लोक बुक म्हणतात. एकेक बुक छत्तीस किलोचं; वाचायला घेणाऱ्यानं कंबर सांभाळूनच घ्यावं.

देवीलाल राठोड तेव्हा गेटवरच्या खोलीत चहा गाळत होता. तो तिथला चौकीदार. अय्याज हा एसीचा मिस्त्री, यंत्राची खोली गार ठेवणं त्याच्याकडे. तो धावत आला आणि दारातूनच म्हणाला, "देवीलालभाऊ, चौथं बुक गायब हाय."

"गायब म्हंजे?"

"जागा रिकामी हाय. पंखे जोरानं फिरून राह्यले म्हून मी दार उघडलं, तं हवा त्या भोकातूनच पळून राह्यली."

देवीलालच्या हातातली गाळणी तशीच राहिली. पंख्यांचा सूर चढलाय हे त्यालाही कळलं होतं. अष्टमीच्या संध्याकाळी बायको सुखीबाई जेवणाचा डबा घेऊन आली, तेव्हा तो तिला म्हणाला होता की मशीन आज जाड आवाजात बोलून राह्यलं, उकाडा वाढला वाटते. ऑक्टोबरचा उकाडा म्हणून त्यानं पुढं काही मनावर घेतलं नाही.

या यंत्रावर त्याचा जीव होता असं म्हटलं तर कमीच पडेल. ते ट्रकमधून उतरलं तेव्हा उतरवणाऱ्या आठ माणसांत देवीलाल होता. त्याच्या पणज्याची लदेणी होती, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य गावोगाव वाहून न्यायची. वजन हातानं ओळखणं घरातच चालत आलेलं. गोणी नुसती हलवून तो किलो सांगायचा आणि काट्यावर पाव किलोचा फरक निघाला तर स्वतःवरच चिडायचा. यंत्र उतरवलं त्या दिवशीच त्याला एका इंजिनिअरनं सांगितलं की या यंत्राच्या काळजाचे ठोके सेकंदाला साडेपाच अब्ज. अब्ज म्हणजे किती हे त्यानं घरी मुलीला, ममताला, विचारलं. तिनं वहीवर शून्यं काढून दाखवली. तो बराच वेळ त्या शून्यांकडे बघत बसला. तेव्हापासून यंत्राच्या खोलीच्या काचेपाशी गेला की तो चपला काढायचा. लोक हसायचे. हसू देत, तो म्हणायचा.

दहा वाजता मॅनेजर बळीराम देठे आले. दोन दिवस ते आपल्या गावी, ढाणकीला होते. त्यांनी रिकाम्या खणाकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"खंडेनवमीला दुपारी आपण पूजा केली, तेव्हा मशीन नीट चालू होतं," ते म्हणाले. "दोन वाजता सगळे घरी गेले. तेव्हापासून आज सकाळपर्यंत इथं कोण होतं?"

देवीलालचा जोडीदार सणासाठी सुट्टीवर होता. दोन्ही पाळ्या त्यानं एकट्यानं काढल्या होत्या. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

२

संशय कुणावर घ्यायचा हे ठरायला काही लोकांच्या बाबतीत वेळ लागत नाही. देवीलालच्या आज्याला इंग्रजाच्या काळात रोज चौकीवर हजेरी द्यावी लागायची, गुन्हा काही नसताना, बंजाऱ्यांच्या तांड्यात जन्मला म्हणून. ती गोष्ट देवीलालनं लहानपणी ऐकली होती आणि आता ते दिवस गेले असं तो धरून चालला होता. देठेसाहेबांनी सिक्युरिटी एजन्सीची दोन माणसं तांड्यावर पाठवली. अर्ध्या तासात ममताचा फोन आला. घरभर उलथापालथ केली बापू, ती म्हणाली, याडीची (आईला ती याडी म्हणायची) पेटी अंगणात उपडी केली, सगळा तांडा बघून राह्यला.

"पाच वाजेपर्यंत वाट पाहतो," देठेसाहेब म्हणाले. ते देवीलालकडे न बघताच बोलत होते. "बुक मिळालं तर ठीक. नाही तर पोलिसात नाव द्यावंच लागेल. माझा इलाज नाही."

देवीलालला निवृत्तीला चार महिने होते. नोकरीचं त्याला तेवढं काही वाटलं नाही, पण नावावर चोर हा शब्द चढला तर तो ममतापर्यंत आणि तिच्या लेकरांपर्यंत जाणार होता.

नेमकी त्याच वेळी गेटवर नागपूरहून गाडी आली. यंत्र दिवाळीनंतर बंद होणार होतं. कंपनी सगळं काम दुसरीकडे नेत होती. यंत्र उचलायची मापं घ्यायला देखभाल करणाऱ्या फर्मनं आपली इंजिनिअर पाठवली होती. चाळिशीची, अंगानं बारीक, डोक्यावर ओढणी, हातात अवजारांची पत्र्याची पेटी. कहकशां शेख तिचं नाव. मूळची पांढरकवड्याची, बाप मोटार बांधणारा मिस्त्री.

ती सरळ यंत्राकडे गेली. काचेच्या दाराशी तिनं चपला काढल्या. देवीलालनं ते पाहिलं आणि त्याला का कोण जाणे, थोडा धीर आला.

देठेसाहेबांनी सगळी हकीकत सांगितली. तिनं ऐकून घेतली. मग यंत्राच्या पोटातल्या एका लॅपटॉपकडे बोट केलं. या यंत्रात दारामागे दोन लॅपटॉप घडी करून बसवलेले असतात, यंत्राला काय झालं, कधी झालं हे टिपून ठेवायला.

"नोंद पाहिली?"

"पाहिली. सणाच्या आठवड्याची नोंदच नाही. चोरानं पुसली असेल."

"आणि दुसरा?"

"तो चार वर्षांपासून मेलेला आहे. पडदाच लागत नाही."

कहकशांनं मान हलवली आणि देवीलालला घेऊन ती बाहेर बाकावर बसली. "काका, मले एक सांगा. पूजेनंतर गेटमधून काय काय बाहेर गेलं?"

"काहीच नाही. माणसं गेली रिकाम्या हातानं. मी झोपलोही नाही धड."

"आणि पूजेच्या आधी? आठवडाभरात?"

"कचऱ्याचे पोते. अष्टमीला साहेबाच्या गाडीत जुन्या बॅटरीचा खोका मीच चढवून देल्ला. बस. रजिस्टरात हाय सगळं." मग त्याला राहवलं नाही. "मॅडम, मी अकरा वर्षं त्याले हात नाही लावला. दुरून पाह्यतो फक्त. मी कायले चोरीन?"

"चोरी कोनं केली हे मी अजून विचारलंच कुठं?" ती म्हणाली. "मी पाहून राह्यले, कधी केली."

३

अय्याजकडे तिनं आधी अवजारं मागितली.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांना विश्रांती असते. शिंपी कात्री ठेवतो, सुतार रंधा ठेवतो, कुंकू लावून हात जोडतो आणि दसरा उलटेपर्यंत त्यांना शिवत नाही. या इमारतीत अय्याजचे पाने आणि यंत्राची अवजारं एकाच पाटावर मांडली जायची. अय्याज म्हणायचा, माझे अब्बा गॅरेजात हेच करायचे, ज्या पान्यावर घर चालते त्याचा मान ठेवायचा. यंदाचा पाट अजून कोपऱ्यात तसाच होता. पान्यांवर अक्षता, सुकलेला झेंडू, कुंकवाचे टिळे.

"सकाळपासून कोणी हात लावला?"

"नाही मॅडम. आज पाट उठवणार होतो, तेवढ्यात हा राडा झाला."

कहकशां पाटाजवळ उकिडवी बसली. एक जाड मुठीचा पाना तिनं बोटानं दाखवला. बुक बाहेर काढायला लागणारा हाच. ठरावीक जोर झाला की मूठ आपोआप फिरते, नाजूक आटे तुटू नयेत म्हणून. असा पाना दुकानात मिळत नाही. या इमारतीत एक, आणि एक तिच्या पेटीत.

"टिळा कुठं लावला हाय पाहा," ती म्हणाली.

देवीलाल वाकला. अय्याज वाकला. ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा मूठ आणि पान्याचं डोकं यांच्यामधल्या फटीवरच लागला होता. अर्धा मुठीवर, अर्धा डोक्यावर. सुकून पापुद्रा धरला होता आणि त्याला साधी चीरही गेली नव्हती.

"मूठ एकदा जरी फिरली असती, तरी हा टिळा दोन तुकडे झाला असता. एक बुक काढाले ती निदान वीस वेळा फिरते."

अय्याज तिच्याकडे बघतच राहिला. "म्हंजे पूजेनंतर हा पाना वापरलाच नाही?"

"मग बुक निघालं कसं?" देवीलालनं विचारलं. झाडूवाल्या नंदाबाई दारात उभ्या होत्या, तिकडे कहकशां वळली.

"मावशी, तुमाले काही सांगाचं हाय का? मघापासून पदर चावून राह्यल्या."

नंदाबाईंनी देठेसाहेबांच्या केबिनकडे एकदा पाहिलं. साहेब फोनवर होते. "सांगाचं म्हंजे काय बाई, माह्या कामाचं सांगते. दरसाली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मले टिळे पुसा लागते. इंजिनिअर लोक ओरडते ना, कुंकवाची भुकटी आत जाते म्हून. चार आतले, म्हंजे चार बुकांचे. एक दारावरचा. असे पाच. औंदा मी एकच पुसला."

"पूजा कोन करते?"

"साहेबच करते. दरसाली दार उघडून एकेका बुकाले टिळा लावते, नमस्कार करते. औंदा म्हणे दार नका उघडू, आतली हवा बिघडते. भाईरूनच एक टिळा लावला अन् नारळ फोडला."

देवीलालला ती दुपार आठवली. साहेबांनी सगळं घाईत उरकलं होतं. उपासाचं असेल, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

"मावशी, तुमी हे साहेबासमोर सांगसान?"

नंदाबाईंनी हातातल्या झाडूकडे पाहिलं. नोकरी त्यांचीही होती. मग त्यांनी झाडू भिंतीला टेकवून ठेवला. "सांगीन," त्या म्हणाल्या. "देवीलालभाऊनं कधी पाण्याचा ग्लाससुद्धा न विचारता घेतला नाही."

कहकशां उठली. "चोरी पूजेनंतर झालीच नाही," ती म्हणाली. "पूजा झाली तेव्हा बुक जागेवर नव्हतंच."

४

देठेसाहेब हसले. पण हसू गालांवर धरून ठेवल्यासारखं होतं.

"मॅडम, तुम्ही इंजिनिअर आहात. पूजेच्या दिवशी मशीन चालू होतं. त्याच्या आदल्या दिवशी चालू होतं. पुण्याचे लोक चोवीस तास त्यावर काम करतात. मेंदूचा चौथा हिस्सा काढून नेला असता तर पुण्यात बोंब झाली नसती?"

देवीलालला ते पटलं. त्याचा धीर पुन्हा खचला. माणसाच्या डोक्याचा पाव भाग काढला तर माणूस उभा राहील का?

कहकशांनं फोन काढला, पुण्याच्या ऑपरेटरशी बोलली आणि फोन स्पीकरवर ठेवून स्टुलावर मांडला. मग तिनं यंत्राला सूचना दिली की तिसऱ्या बुकातलं काम बाकीच्या दोघांत वाटून दे. आपल्या पेटीतला पाना काढला. छोटी हातक्रेन ओढली. मूठ फिरू लागली, कटकट आवाज करत, आणि देवीलालनं भिंतीला हात टेकला, कारण बाई चालत्या यंत्राचं काळीज काढायला निघाली होती.

बुक हळूहळू पुढं आलं. त्याच्या मागच्या बाजूला बारीक सोनेरी टोकांच्या ओळी होत्या, हजारो, शेतातल्या तासांसारख्या सरळ. आत, ती म्हणाली, जी चिनी मातीची फरशी हाय ना काका, ती एक नाही, शंभरावर पापुद्रे एकावर एक भाजून केलेली हाय, आणि प्रत्येक पापुद्र्यात तारांचे रस्ते. एवढ्याशा जागेत मैलोगणती रस्ते. देवीलाल ऐकत होता. त्याच्या पणज्यानं बैलांसोबत उभा मुलूख पालथा घातला होता, तेवढे रस्ते या एका फरशीत मावत असतील का, असं त्याच्या मनात आलं.

बुक पूर्ण बाहेर आलं. हिरवा दिवा हिरवाच होता. पंखे थोडे चढले, तेवढंच.

"पुणे," कहकशां फोनकडे वाकून म्हणाली, "काही जाणवलं?"

"काय जाणवायचं होतं?" पलीकडून आवाज आला. "सगळं चालू आहे."

अय्याजनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. अकरा वर्षं आपण याच्या दाराशी चपला काढत होतो ते उगाच नाही, असं देवीलालला त्या क्षणी वाटलं, आणि डोळे भरून आले ते त्यानं लपवलेही नाहीत.

"याच्यात सगळं दोन दोन असते, चार चार असते," ती म्हणाली. "एक पडलं की दुसरं उभं राह्यते, काम करणाऱ्याले कळतसुद्धा नाही. दिवाळीनंतर बंद होणार म्हून आता काम बी अर्ध्याच्या खाली आलं, तं दोन बुकांवर बी चालते. बिघडलं की यंत्र स्वतः बनवणाऱ्या कंपनीले कळवते, पण करार संपला म्हून ती लाइन महिन्यापूर्वीच काढली. नेणाऱ्यानं गुपचूप एक बुक नेलं, आणि हे बिचारं तीन बुकांवर राबत राह्यलं."

देठेसाहेबांनी खुर्ची ओढली.

"काका, इकडे या. हे बुक क्रेनवरून टेबलावर ठेवाचं हाय. धरता?"

देवीलाल पुढं झाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्यानं शर्टाला हात पुसले, खालून दोन्ही तळहात घातले आणि उचललं. आणि तो तसाच उभा राहिला.

"किती किलो?" कहकशांनं विचारलं.

"छत्तीस." त्यानं परत एकदा तोललं. "छत्तीस अन् वर थोडं. पुढच्या अंगाले जरा जड. मॅडम, हे वजन मी उचललं हाय."

५

"बॅटरीचा खोका," देवीलाल म्हणाला. बुक त्यानं अलगद टेबलावर ठेवलं होतं, पण हात अजून तसेच समोर होते. "अष्टमीले दुपारी. साहेब म्हणाले जुनी बॅटरी हाय, गाडीत ठेव. इथल्या बॅटऱ्या मी शंभरदा उचलल्या. बावीस किलो भरते, अन् वजन सारखं चारही अंगाले. त्या दिवशी खोका उचलला तं पुढं झुकला. मनात आलं, ही कोनती बॅटरी. पण साहेबानं सांगितलं, म्हून इचारलं नाही." तो थांबला. "त्याच संध्याकाळपासून पंख्याचा आवाज जाड झाला. मी सुखीले बोललो होतो. मले वाटलं उकाडा हाय."

"मी बॅटरीच नेली," देठेसाहेब म्हणाले. "याच्या हाताच्या अंदाजावर तुम्ही मला..."

"हाताच्या अंदाजावर नाही," कहकशां म्हणाली. ती यंत्राच्या पुढच्या दाराशी गेली आणि मेलेला म्हणून सोडून दिलेला दुसरा लॅपटॉप तिनं उघडला. पडदा काळाच राहिला. "पडदा गेला हाय. माणूस आंधळा झाला म्हून बहिरा होते का? हा चार वर्षं आत बसून पहिल्याची प्रत्येक नोंद उतरवून घेऊन राह्यला." तिनं आपल्या पेटीतून छोटा पडदा काढला आणि वायर जोडली. अक्षरं उमटली. कहकशां नुसती बाजूला सरली, सगळ्यांना वाचता यावं म्हणून.

अष्टमी, दुपारचे दोन चाळीस. चौथं बुक बाहेर काढलं. काढणाऱ्याचं नाव: बळीराम देठे.

नंदाबाई न विचारताच पुढं आल्या. "अन् टिळा बी एकच होता साहेब," त्या म्हणाल्या. "चार लावाचे तं चौथा कुठं लावसान, म्हून तुमी दारच नाही उघडलं."

देठेसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बोलले तेव्हा आवाजातला साहेब गेला होता.

"दिवाळीनंतर हे कुठं जाणार माहीत आहे तुम्हाला? विम्याची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून याची भुकटी करायची, असं पत्र आलंय. चुरा करायच्या यंत्रात घालून भुकटी, आणि भुकटी केली म्हणून वर सर्टिफिकेट. अकरा वर्षांत हे एक मिनिट बंद पडलं नाही. माझं लग्न मोडलं, बाप गेला, मी दर वेळी इथं येऊन बसायचो. हे चालू असायचं. विकायला नाही नेलं हो मी. ढाणकीला देवघरात ठेवलंय. खंडेनवमीची पूजा तिथं केली. वाटलं होतं, जाताना कपाटं बंदच जातील, कोण मोजतंय."

"मग आज सकाळी?" कहकशांनं विचारलं.

"अय्याजनं दार उघडलं आणि मी घाबरलो. तोंडाला आलं ते नाव घेतलं."

देवीलालला राग यायला हवा होता, आणि आलाही, पण त्याच्याआड दुसरंही काही होतं, कारण या यंत्रापुढं हात जोडणारा माणूस कसा असतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं.

"साहेब," तो म्हणाला, "मशीनची भुकटी होऊ नये म्हून तुमी माही केली."



"पोलिसाचं तुमी अन् पुणेवाले पाहून घ्या," देवीलाल पुढं म्हणाला. "माहं एकच म्हणणं हाय. माहं घर तांड्यासमोर उलथलं. तुमी तांड्यासमोर या."

६

ढाणकीहून बुक घेऊन गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघाली. मागच्या सीटवर देवीलाल, मांडीवर खोका. तो खाली ठेवा, रस्ता लांब आहे, असं कहकशांनं दोनदा सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. देठेसाहेब पुढं बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून.

तांड्यात गाडी थांबली तेव्हा माणसं आधीच जमली होती. अंगणात खाटेवर सुखीबाईचं लग्नातलं फेटिया, म्हणजे घागरा, पडलं होतं, आरशांचं, कवड्यांचं, जड. पेटीतून उपसलं होतं तसंच. कालपासून तिनं त्याला हात लावला नव्हता आणि ममतालाही लावू दिला नव्हता.

देठेसाहेब उतरले. तांड्याच्या नायकांना, म्हाताऱ्यांना, सगळ्यांना त्यांनी राम राम केला. मग जे सांगायचं ते सांगितलं. चोरी मी केली, देवीलालचं नाव मी घेतलं, त्यानं काही केलं नाही. तीनच वाक्यं होती.

सुखीबाईनं खोका उघडायला लावला. सोनेरी टोकांच्या त्या ओळींकडे ती बघत राहिली. बोटानं शिवणार होती, पण थांबली आणि पदराआडूनच हात जोडले. मग नवऱ्याकडे वळून आपल्या गोरबोलीत विचारलं की याचेच ते ठोके का, ममतानं वहीत काढलेले. देवीलालनं मान हलवली.

ती देठेसाहेबांसमोर येऊन उभी राहिली. "तुमच्या माणसानं काढलं," फेटियाकडे बोट करून ती म्हणाली. "घडी घालून तुमी ठेवा."

देठेसाहेब खाटेजवळ बसले. त्यांना ती घडी येत नव्हती. आरसे एकमेकांत अडकत होते, कवड्या निसटत होत्या. कुणी मदत केली नाही आणि कुणी हसलंही नाही. चौथ्यांदा जमली. त्यांनी ते दोन्ही हातांवर घेतलं, पेटीत ठेवलं, झाकण लावलं, आणि मग त्यांचे खांदे हलू लागले. सुखीबाईनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला.

दुपारी चौथं बुक यंत्रात गेलं. कहकशांनं शेवटचा आटा दिला आणि थोड्या वेळानं पंखे उतरू लागले, उतरत उतरत जुन्या सुरावर आले. देवीलालनं डोळे मिटून ऐकलं. आणखी तीन आठवडे हा आवाज राहणार होता. त्यानंतर भुकटी, पत्रात लिहिल्याप्रमाणे. ती कुणाला टाळता येणार नव्हती.

नंदाबाईंनी कुंकवाची वाटी पुढं केली. "औंदाचे चारही राह्यले ना," त्या म्हणाल्या.

"बेटी, चालन का?" देवीलालनं कहकशांला विचारलं.

"ओलं करून लावा, भुकटी उडाले नाही पाह्यजे," ती म्हणाली आणि दार धरून उभी राहिली.

त्यानं पहिल्याला लावला, दुसऱ्याला, तिसऱ्याला. चौथ्यापाशी बोट थोडं थांबलं. मग तिथंही टिळा लागला.

"उद्या मलेच पुसा लागते," नंदाबाई म्हणाल्या.

"मी पुसतो उद्या," देवीलाल म्हणाला, आणि चपला घालून गेटवर गेला.